अमेरिकेत सरकारी कंत्राट हुकलं, तर बिड प्रोटेस्ट कसा करायचा

आपलं प्रपोजल पडलं, कंत्राट दुसऱ्या कंपनीला गेलं, असा ई-मेल आला की पहिले दोन दिवस चिडचिडीत जातात. नेमके तेच दोन दिवस सगळ्यांत महाग असतात, कारण अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कंत्राटाला आव्हान द्यायचं, म्हणजे बिड प्रोटेस्ट करायचा, तर पहिली मुदत तीन दिवसांतच संपते. फोनाफोनी करून, ओळखीच्या अधिकाऱ्याला विचारून, ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणेपर्यंत हातातला सगळ्यांत उपयोगी हक्क गेलेला असतो.

हा लेख पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्या छोट्या कंपन्यांसाठी आहे. आयटी सेवा, सल्लागारी, बांधकाम, देखभाल, कुठलाही धंदा असो. एक मर्यादा आधीच सांगतो: हे सगळं केंद्र सरकारच्या, म्हणजे फेडरल कंत्राटांबद्दल आहे. राज्य सरकार, काउंटी, शहर किंवा सरकारी विद्यापीठ यांचे नियम वेगळे, मुदती वेगळ्या. टेक्सासच्या टेंडरवर फेडरल मुदत लावून बसाल, तर फसाल.

दारं तीन आहेत

प्रोटेस्ट तीन ठिकाणी करता येतो. पहिलं ठिकाण कंत्राट देणारी एजन्सी, म्हणजे ते सरकारी खातंच: कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरकडे किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. दुसरं, जीएओ, म्हणजे गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस. हे काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, अखत्यारीतलं कार्यालय आहे, एजन्सीच्या साखळीत येत नाही. आज तिथे चालते ती पद्धत १९८४ च्या ‘कॉम्पिटिशन इन कॉन्ट्रॅक्टिंग अ‍ॅक्ट’वर उभी आहे. या कायद्याला सगळे ‘सीका’ म्हणतात. तिसरं, वॉशिंग्टनमधलं कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स.

एजन्सीकडची तक्रार स्वस्त असते, संबंध फारसे बिघडत नाहीत, आणि साधी चूक असेल तर तिथेच सुटते. पण कागद बघायला मिळण्याची हमी नाही, आणि ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्याच घरात न्याय मागायचा. शिवाय एक खाच आहे. एजन्सीने तुमच्या तक्रारीविरुद्ध पहिलं पाऊल उचललं, की तेव्हापासून दहा दिवसांत जीएओकडे जावं लागतं. हे पाऊल म्हणजे नेहमीच ‘नामंजूर’ असं पत्र नसतं. तुम्ही आरएफपीतल्या, म्हणजे प्रपोजलं मागवणाऱ्या कागदातल्या, अटीवर तक्रार केली आणि एजन्सीने काहीही उत्तर न देता ठरलेल्या वेळी प्रपोजलं स्वीकारली, तर ते स्वीकारणं हेच तिचं उत्तर धरलं जातं. तुम्ही पत्राची वाट बघत राहता आणि मुदत निघून जाते.

कोर्टात दहा दिवसांची ती कडक मुदत नाही, पण कंपनीला वकिलाशिवाय उभं राहता येत नाही, आणि विजेत्याचं काम आपोआप थांबत नाही. ते थांबवायला न्यायाधीशांकडून मनाईहुकूम मिळवावा लागतो. नवख्या छोट्या कंपनीला बहुतेक वेळा जीएओ हाच मधला मार्ग परवडतो, म्हणून इथून पुढे मुख्यतः त्याचंच बोलू.

तुम्हाला हक्क आहे का, हे आधी बघा

जीएओच्या भाषेत प्रोटेस्ट करणारा ‘इंटरेस्टेड पार्टी’ असावा लागतो. अवॉर्डनंतर, म्हणजे कंत्राट कुणाला ते ठरल्यावर, याचा अर्थ इतकाच की तुम्ही स्वतः प्रपोजल भरलेलं असावं आणि तक्रार मान्य झाली तर कंत्राट तुम्हाला मिळण्याची खरी शक्यता असावी. सबकॉन्ट्रॅक्टरला हा हक्क नाही. मुख्य कंपनी हरली आणि ती लढायला तयार नसेल, तर तिच्या हाताखाली तीस टक्के काम मिळणार होतं म्हणून तुम्ही जाऊ शकत नाही.

क्रमांकाचाही प्रश्न येतो. तुम्ही तिसरे आला असाल, तर पहिल्याच्या चुका दाखवून भागत नाही. तो बाद झाला तरी कंत्राट दुसऱ्याकडे जाईल. म्हणून तिसऱ्याने दुसऱ्याच्या मूल्यांकनावरही बोट ठेवावं लागतं, किंवा आपलं स्वतःचं मूल्यांकन असं चुकलं की ते सुधारलं तर आपण वर जातो, हे दाखवावं लागतं.

काही विषय जीएओ घेतच नाही. जिंकलेली कंपनी खरंच ‘स्मॉल’ आहे का, हा वाद स्मॉल बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा. तो कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरमार्फत, विजेत्याचं नाव कळल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत मांडावा लागतो. छोट्या कंपन्यांसाठी राखून ठेवलेल्या कंत्राटांत हा मार्ग अनेकदा जीएओपेक्षा जास्त कामाचा असतो, आणि लोक तो विसरतात. आधीच्या कंत्राटाचे पैसे थकले, काम मध्येच काढून घेतलं, असल्या गोष्टीही प्रोटेस्टमध्ये येत नाहीत.

टास्क ऑर्डरचं वेगळं आहे. मोठ्या आयडीआयक्यू कंत्राटाखाली (नेमकं किती काम ते आधी न ठरवता केलेलं छत्री-कंत्राट) निघालेल्या ऑर्डरवर जीएओकडे जायचं तर ऑर्डरची रक्कम नागरी एजन्सीत १ कोटी डॉलरपेक्षा जास्त हवी. संरक्षण खात्याकडे ही मर्यादा आधी २.५ कोटी होती, ती डिसेंबर २०२४ च्या कायद्याने ३.५ कोटी डॉलर झाली. त्याखालच्या ऑर्डरवर, मूळ कंत्राटाची व्याप्ती किंवा मुदत ओलांडल्याचा मुद्दा सोडला, तर फारसं काही करता येत नाही.

घड्याळ

आता मुख्य भाग. प्रोटेस्टमध्ये बरेच जण मुद्द्यावर हरण्याआधी तारखेवर हरतात.

आरएफपीमध्येच दिसणारी चूक, जसं की एकाच कंपनीला फिट बसेल अशी अट, परस्परविरोधी सूचना, गुणांकनाचा अर्थच न लागणं, यावर प्रपोजल भरण्याची वेळ संपण्याआधीच प्रोटेस्ट करावा लागतो. ‘आधी भरून बघू, हरलो तर बोलू’ हा विचार फार नैसर्गिक आहे आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे. हरल्यावर तो मुद्दा काढलात तर जीएओ ऐकणार नाही, आणि कोर्टही २००७ पासून हीच भूमिका घेत आलं आहे. प्रश्नोत्तरांच्या फेरीत तुम्ही तो प्रश्न विचारला होता आणि एजन्सीने थातूरमातूर उत्तर दिलं होतं, एवढ्याने तुम्ही वाचत नाही. प्रश्न विचारणं आणि प्रोटेस्ट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बाकी सगळ्या मुद्द्यांना दहा दिवस: तुम्हाला कारण कळलं, किंवा कळायला हवं होतं, त्या दिवसापासून. हे दिवस कॅलेंडरचे, शनिवार-रविवार धरून. फक्त शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढच्या कामाच्या दिवशी ढकलला जातो. ज्या दिवशी घटना घडली तो दिवस मोजायचा नाही. आणि दिवस संपतो पूर्व किनाऱ्याच्या वेळेने संध्याकाळी साडेपाचला. कॅलिफोर्नियात तेव्हा दुपारचे अडीच वाजलेले असतात.

या दहा दिवसांना एक महत्त्वाचा अपवाद आहे. स्पर्धात्मक प्रपोजलांच्या पद्धतीने कंत्राट निघालं असेल आणि तुम्ही वेळेत डीब्रीफिंग, म्हणजे आपण का हरलो याचा एजन्सीकडून खुलासा, मागितलं असेल, तर डीब्रीफिंग झाल्यापासून दहा दिवस मिळतात. ‘वेळेत’ म्हणजे अवॉर्डची सूचना मिळाल्यापासून तीन दिवसांत, लेखी. चौथ्या दिवशी मागितलं तर एजन्सी कदाचित सौजन्य म्हणून देईलही, पण ते कायद्याने बंधनकारक डीब्रीफिंग राहत नाही आणि अपवाद लागू होत नाही.

याच्या जोडीला आणखी एक, जास्त तातडीचं घड्याळ चालू असतं. सीकानुसार प्रोटेस्ट वेळेत आला तर एजन्सीला विजेत्याचं काम थांबवावं लागतं. यालाच सीका स्टे म्हणतात आणि प्रोटेस्टची खरी ताकद त्यात आहे. काम थांबलं नाही तर शंभर दिवसांनी तुम्ही जिंकलात तरी विजेत्याची माणसं जागेवर बसलेली, यंत्रणा बसवलेली, आणि तुमच्या हाती फार तर खर्चाची भरपाई. स्टेसाठी जीएओची सूचना एजन्सीला अवॉर्डपासून दहा दिवसांत, किंवा बंधनकारक डीब्रीफिंगची जी तारीख देऊ केली होती तिच्यापासून पाच दिवसांत मिळाली पाहिजे. यातलं जे नंतर येईल ते धरायचं.

‘एजन्सीला मिळाली पाहिजे’ हे शब्द पुन्हा वाचा. तुम्ही दाखल केल्याने काम थांबत नाही, जीएओने एजन्सीला कळवल्याने थांबतं, आणि कळवायला जीएओला एक दिवस असतो. म्हणून मुदतीच्या एक कामाचा दिवस आधी दाखल करायचं.

एक कॅलेंडर मांडून बघू. समजा सोमवार, १ तारखेला अवॉर्ड झाला आणि त्याच दिवशी ई-मेल आला. गुरुवार, ४ तारखेपर्यंत डीब्रीफिंग मागायचं. मी तर म्हणेन, पहिल्याच दिवशी दोन ओळींचा ई-मेल टाकून मोकळं व्हा, लढायचं ठरलेलं नसलं तरी. एजन्सीने बुधवार, १० तारीख दिली आणि त्या दिवशी डीब्रीफिंग पार पडलं. अवॉर्डपासूनचे दहा दिवस गुरुवारी, ११ तारखेला संपतात. डीब्रीफिंगपासूनचे पाच दिवस सोमवारी, १५ तारखेला. उशिराची तारीख १५, म्हणजे शुक्रवारी, १२ तारखेला संध्याकाळी साडेपाचच्या आत दाखल करायचं. थोडक्यात, डीब्रीफिंगनंतर तुमच्या हातात दोनच दिवस आहेत. स्टे नको असेल, नुसता प्रोटेस्ट चालेल, तर दहावा दिवस शनिवारी, २० तारखेला येतो आणि मुदत सोमवार, २२ पर्यंत सरकते.

यात दोन खाचा आहेत. एजन्सीने दिलेली पहिली तारीख तुम्ही ‘आमचे साहेब बाहेरगावी आहेत’ म्हणून पुढे ढकलून घेतलीत, तर स्टेचं घड्याळ त्या पहिल्या तारखेपासूनच चालतं. तेव्हा पहिली तारीख घ्या, साहेब फोनवरून येतील. दुसरी खाच संरक्षण खात्यातली. तिथे डीब्रीफिंगनंतर कामकाजाच्या दोन दिवसांत जादा प्रश्न विचारता येतात आणि एजन्सीने त्यांची लेखी उत्तरं दिल्यावरच डीब्रीफिंग संपतं, म्हणजे पाच दिवसही तेव्हापासून मोजायचे. पण प्रश्न विचारलेच नाहीत, तर पाच दिवस मूळ डीब्रीफिंगच्या दिवसापासून चालू झालेले असतात. ‘निका टेक्नॉलॉजीज’ या कंपनीच्या प्रकरणात फेडरल सर्किट कोर्टाने २०२१ मध्ये हेच स्पष्ट केलं. प्रश्न विचाराच. चांगले सुचले नाहीत तर साधे विचारा.

जीएसए शेड्यूलखालच्या (दर आधीच ठरलेल्या कंत्राटदारांच्या सरकारी यादीतून होणाऱ्या) खरेदीत बंधनकारक डीब्रीफिंग नसतंच, फक्त थोडक्यात स्पष्टीकरण मिळतं. तिथे डीब्रीफिंगवाला अपवाद धरून बसलात तर उशीर होणारच. आपलं कंत्राट नेमकं कुठल्या पद्धतीने निघालं, हे आरएफपीच्या पहिल्या पानांवरच बघून ठेवा. २०२५ पासून फेडरल खरेदीची नियमावली, म्हणजे ‘फार’, नव्याने लिहिली जाते आहे. त्यामुळे जुन्या लेखांतल्या कलमांच्या आकड्यांवर विसंबू नका, आपल्या सोलिसिटेशनमध्ये, म्हणजे आरएफपी किंवा तशा मागणीच्या कागदात, छापलेला मजकूर धरा.

डीब्रीफिंगमध्ये काय करायचं

भांडायचं नाही. समोरची माणसं आधीच सावध असतात, आणि आवाज चढला की कागदातून वाचून दाखवण्यापलीकडे काही बोलत नाहीत. तुम्हाला माहिती हवी आहे: तुमच्या प्रपोजलमधल्या त्रुटी आणि उणिवा, तुमचं आणि विजेत्याचं तांत्रिक रेटिंग, दोघांची एकूण किंमत, क्रम लावला असेल तर तो, आणि निवडीचं थोडक्यात कारण. इतकं मागायचा तुमचा हक्क आहे. विजेत्याच्या प्रपोजलशी कलमवार तुलना मात्र मिळणार नाही.

एक माणूस फक्त लिहायला बसवा. आरएफपीचा मूल्यांकनाचा भाग, बहुतेकदा सेक्शन एम, छापून समोर ठेवा आणि प्रत्येक उत्तर त्यातल्या ओळीशी ताडून बघा. ‘तुमच्या टीमला क्लाउड स्थलांतराचा अनुभव कमी वाटला’ असं ते म्हणाले, तर विचारा: हे कुठल्या निकषाखाली धरलं? आमच्या प्रपोजलच्या अमुक पानावरचा प्रकल्प विचारात घेतला होता का? अशा प्रश्नाचं अडखळत दिलेलं उत्तर पुढे प्रोटेस्टचा कणा ठरू शकतं.

कुठला मुद्दा टिकतो, कुठला नाही

इथे सगळ्यांत जास्त भ्रम असतात. ‘आम्ही स्वस्त होतो.’ ‘आम्ही दहा वर्षं हेच काम करतोय.’ ‘त्यांना काही येत नाही, सगळ्यांना माहीत आहे.’ यातलं एकही वाक्य प्रोटेस्टचं कारण होत नाही. ‘बेस्ट व्हॅल्यू’ पद्धतीत एजन्सी जास्त पैसे देऊन चांगलं प्रपोजल घेऊ शकते. जीएओ स्वतः पुन्हा गुण देत नाही. ते दोनच गोष्टी बघतात: मूल्यांकन वाजवी होतं का, आणि आरएफपीत व कायद्यात लिहिल्याप्रमाणे झालं का. एजन्सीच्या मताशी नुसती असहमती असेल, तर जीएओ तो मुद्दा पुढे नेत नाही.

टिकतात ते मुद्दे असे. आरएफपीत नसलेला निकष लावला. तुमच्या प्रपोजलमधली एक गोष्ट उणीव धरली आणि तीच विजेत्याकडे असताना सोडून दिली. चर्चेच्या फेरीत तुम्हाला ‘हे ठीक आहे’ सांगितलं आणि नंतर त्याच गोष्टीवर गुण कापले. किंमत वास्तवाला धरून आहे का हे तपासू असं लिहून तपासलंच नाही. निवडीच्या कागदपत्रांत जादा पैसे का मोजायचे याचं कारणच नाही. विजेत्याचा सल्लागार तोच, ज्याने आरएफपी लिहायला मदत केली होती. गेल्या काही वर्षांत जीएओने काँग्रेसला दिलेल्या वार्षिक अहवालांत तक्रारी मान्य होण्याच्या कारणांत तांत्रिक मूल्यांकन अवाजवी असणं, निवडीचा निर्णय सदोष असणं आणि किंमतीचं मूल्यांकन चुकणं ही कारणं वारंवार आली आहेत.

मोठ्या प्रकरणांतून हे चांगलं कळतं. फेब्रुवारी २००८ मध्ये हवाई दलाने इंधनवाहू विमानांचं सुमारे ३५ अब्ज डॉलरचं कंत्राट नॉर्थ्रॉप ग्रमन आणि युरोपच्या ईएडीएस यांच्या जोडीला दिलं. बोइंग जीएओकडे गेली आणि जूनमध्ये जिंकली. आमचं विमान चांगलं, हा मुद्दा तिथे चाललाच नसता. चाललं ते हे: ठरलेल्या उद्दिष्टापेक्षा जास्त दिलं तर त्याचे जादा गुण नाहीत असं सोलिसिटेशनमध्ये लिहिलेलं असताना हवाई दलाने नेमका तोच फायदा प्रतिस्पर्ध्याला दिला. आणि एका निकषावर तुम्ही पूर्ण उतरलात असं बोइंगला सांगून नंतर, न कळवता, ‘अंशतः’ केलं. पुढे नव्याने स्पर्धा होऊन २०११ मध्ये कंत्राट बोइंगलाच मिळालं.

याच्या उलट २०२१. चंद्रावर उतरणाऱ्या यानाचं कंत्राट नासाने एकट्या स्पेसएक्सला दिलं, सुमारे २.८९ अब्ज डॉलरचं. ब्लू ओरिजिन आणि डायनेटिक्स यांनी तक्रार केली की दोन कंपन्या निवडायला हव्या होत्या. पण एक, अनेक किंवा एकही नाही, असं निवडायचा हक्क नासाने घोषणेतच राखून ठेवला होता. जीएओने ३० जुलैला तक्रार फेटाळली, आणि ब्लू ओरिजिन नंतर कोर्टातही हरली.

दोन्हीकडे निकाल मूळ कागदात काय छापलं होतं त्यावर लागला. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी स्वतः एक काम करा. कागदाच्या डाव्या बाजूला सेक्शन एममधलं वाक्य, उजवीकडे एजन्सीने प्रत्यक्ष काय केलं. दोन्हींत फट दिसत नसेल, तर प्रोटेस्ट नाही. फट दिसली तर पुढचा प्रश्न: ती नसती तर आपल्याला कंत्राट मिळण्याची बऱ्यापैकी शक्यता होती का? एजन्सी चुकली, पण चूक सुधारूनही आपण पाचवेच राहतो, अशा प्रोटेस्टचा उपयोग नाही. पक्षपाताचा आरोप तर पुरावा हातात असल्याशिवाय करूच नका. सरकारी अधिकारी सद्हेतूने वागतात हे गृहीत धरलं जातं, आणि ते खोडायला ठोस काही लागतं.

दाखल करणं

जीएओची ऑनलाइन यंत्रणा आहे, ईपीडीएस. तिथे खातं काढून, थोडं शुल्क भरून प्रोटेस्ट चढवायचा. खातं आधीच काढून ठेवा, साडेपाचला दहा मिनिटं असताना पासवर्डशी झटापट नको. ठराविक फॉर्म नाही, पण मजकुरात हे हवंच: कंपनीचं नाव-पत्ता, एजन्सी, सोलिसिटेशनचा नंबर, तुम्ही इंटरेस्टेड पार्टी कसे, तक्रार वेळेत कशी, वस्तुस्थिती आणि कायद्याचे मुद्दे तपशिलात, कुठली कागदपत्रं हवीत, आणि काय मागणी आहे ते. ‘निर्णयाची मागणी’ हे शब्दही लिहा, नियमात ते मागितलेलं आहे. दाखल केल्यापासून एका दिवसात पूर्ण प्रत कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरला पोचवा. तुमच्या किमती किंवा गुप्त माहिती मजकुरात असेल, तर ती झाकलेली वेगळी प्रतही त्याच मुदतीत द्यावी लागते.

पुढचे शंभर दिवस

जीएओने शंभर दिवसांत निर्णय द्यायचा असतो. विजेता सहसा मधे पक्षकार म्हणून येतो. पहिल्या काही दिवसांतच एजन्सी ‘ही तक्रार ऐकण्याजोगीच नाही’ असा अर्ज करू शकते, त्याला नीट उत्तर द्या. तिसाव्या दिवसापर्यंत एजन्सी रिपोर्ट येतो: मूल्यांकनाचे कागद, निवडीचा निर्णय, कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरचं म्हणणं. त्यावर दहा दिवसांत तुमची टिप्पणी जायलाच हवी. नाही गेली तर प्रकरण सरळ बंद होतं.

या रिपोर्टमध्ये नव्या चुका सापडतात, आणि चांगले मुद्दे बऱ्याचदा इथूनच निघतात. प्रत्येक नव्या मुद्द्याला कळल्यापासून दहा दिवसांची स्वतंत्र मुदत आहे. टिप्पणीसाठी वाढवून घेतलेला वेळ या मुद्द्यांना लागू होत नाही. अनुभवी वकीलसुद्धा इथे ठेचकाळतात.

आता कागद कोण बघणार? विजेत्याची किंमत, त्याचं तंत्र, एजन्सीच्या आतल्या नोंदी हे सगळं ‘प्रोटेक्टिव्ह ऑर्डर’खाली असतं. तो ऑर्डर घेऊन मूळ कागद वाचायची परवानगी वकिलांना आणि मान्य झालेल्या सल्लागारांना मिळते. कंपनीच्या मालकाला नाही. तुम्हाला झाकझूक केलेली प्रत मिळते आणि तुमचा वकील जे वाचतो ते तो तुम्हालाही सांगू शकत नाही. पैसे तुम्ही देताय आणि तुम्हालाच माहीत नाही कशावर लढताय, ही अवस्था पहिल्यांदा फार खटकते. जीएओकडे वकिलाशिवाय जाता येतं, हे खरं. पण मग मूळ कागद कधीच दिसत नाहीत, आणि अवॉर्डनंतरच्या तक्रारीत ते न बघता लढणं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून लढणं. आरएफपीच्या अटींवरची, प्रपोजलआधीची तक्रार मात्र अनेकदा स्वतः लिहिता येते, कारण तिथे सगळा कागद जाहीरच असतो.

सुनावणी क्वचित होते, बहुतेक सगळं कागदावर चालतं. कधी जीएओचा वकील दोन्ही बाजूंना फोनवर बोलावून निकाल कुठे झुकतोय याचा अंदाज देतो. त्या फोननंतर हरणारी बाजू बहुधा स्वतःहून माघार घेते.

आणि एजन्सीला अगदीच तातडी असेल, तर ती लेखी कारण देऊन स्टे बाजूला सारू शकते. ते कारण पटत नसेल तर त्यासाठी कोर्टात जावं लागतं, जीएओ त्यात पडत नाही.

पैसा आणि शक्यता

पूर्ण लढलेल्या प्रोटेस्टला वकिलाचा खर्च हजारो नव्हे, दसहजारो डॉलरांत जातो. छोट्या कंत्राटावर हे गणित बसत नाही. जुन्या कंत्राटदाराचं गणित वेगळं असतं. स्टेच्या काळात तोच काम चालू ठेवतो आणि बिल लावतो, त्यामुळे त्याला शंभर दिवस विकत घेणंही परवडतं. तुमच्याविरुद्ध आलेला प्रोटेस्ट असा तर नाही ना, हे ओळखता आलं पाहिजे.

शक्यतेचे आकडे दोन असतात, आणि दोन्ही वाचायचे. निकालापर्यंत गेलेल्या प्रकरणांत तक्रार मान्य होण्याचं प्रमाण आर्थिक वर्ष २०२४ मध्ये १६ टक्के होतं. आदल्या वर्षी ते ३१ होतं, पण तो सीआयओ-एसपी४ नावाच्या एका प्रचंड आयटी कंत्राटावरच्या तक्रारींनी फुगलेला आकडा. दुसरा आकडा ‘इफेक्टिव्हनेस’चा: निकालाने किंवा एजन्सीने स्वतःहून केलेल्या दुरुस्तीने, काही ना काही पदरात पडलं अशी प्रकरणं. २०२४ मध्ये ती ५२ टक्के. फरक एवढा मोठा का? कारण चूक ढोबळ असेल तर एजन्सी रिपोर्ट देण्याआधीच ‘करेक्टिव्ह अ‍ॅक्शन’ जाहीर करून मोकळी होते. त्यामुळे पहिल्या तीस दिवसांत एजन्सीच्या वकिलाला पटेल असा मुद्दा मांडणं, हेच बहुतेकांचं खरं ध्येय असायला हवं. वीस मुद्द्यांचा जाडजूड प्रोटेस्ट त्याला घाबरवत नाही. तीन नेमके मुद्दे, पान क्रमांकासह, जास्त काम करतात.

तक्रार मान्य झाली तर जीएओ शिफारस करतं, हुकूम देत नाही. तरीही एजन्सी ती जवळजवळ नेहमीच पाळते, कारण न पाळल्याची गोष्ट काँग्रेसला कळवली जाते. मान्य झालेल्या प्रोटेस्टचा खर्च मागता येतो, आणि छोट्या कंपनीला वकिलाच्या तासाच्या दरावर ती वरची मर्यादा लागत नाही जी मोठ्या कंपन्यांना लागते. खर्चाचा तपशीलवार दावा साठ दिवसांत एजन्सीकडे द्यायचा, म्हणून पहिल्या दिवसापासून तासांच्या नोंदी ठेवा.

करेक्टिव्ह अ‍ॅक्शन झाली म्हणजे कंत्राट मिळालं असं नाही. एजन्सी पुन्हा मूल्यांकन करते, कागद नीट लिहिते आणि कधीकधी त्याच कंपनीला पुन्हा कंत्राट देते. तो नवा निर्णय असतो आणि त्याला नवे दहा दिवस असतात. तेव्हा पुन्हा पहिल्याच दिवशी डीब्रीफिंगचा ई-मेल टाका, आणि या वेळी जुन्या डीब्रीफिंगच्या नोंदी शेजारी ठेवून काय बदललं ते ताडून बघा.